एक कोयता, अर्धा कोयता आणि प्रायमरी की

बरेच दिवस इथे काही टंकलं नाही. आधी रिलीज, मग रिलीजमधले घोळ, मग ते घोळ निस्तरणारी रिलीज... असो. चालायचंच.

या विकांताला लिहायला बसलो त्याचं निमित्त म्हणजे आमच्या टीममध्ये नवीन आलेला एक मुलगा. त्याच्या टेबलवर मी रिव्ह्यूमध्ये शेरा मारला होता, "यूनिक कन्स्ट्रेन्ट कुठंय?" तर पठ्ठ्या म्हणतो, "सर, आयडी लावलाय की. ऑटो इन्क्रिमेंट. प्रत्येक रो यूनिकच आहे." (सर! मला! दोन-चार केस पांढरे झालेत हे मान्य, पण अजून तिशी यायचीय.)

त्याला मी तिथल्या तिथे एवढंच सांगितलं की आयडी म्हणजे रांगेत उभ्या असलेल्याच्या हातात दिलेलं टोकन. एकच माणूस तीनदा रांगेत उभा राहिला तर त्याला तीन टोकनं मिळतील, आणि तिन्ही अगदी यूनिक असतील! पोरगं हुशार आहे, लगेच कळलं त्याला. मला मात्र हे कळायला दोन हंगाम लागले होते. हंगाम म्हणजे उसाचे.

मी बीड जिल्ह्यातला, शिरूर तालुक्यातला. कुठलं शिरूर हे लगेच सांगावं लागतं, कारण पुण्यात शिरूर म्हटलं की लोकांना घोडनदीचं शिरूर आठवतं. आमचं शिरूर कासार. लातूर जिल्ह्यात आणखी एक आहे, शिरूर अनंतपाळ. आष्टीचंही तेच, एक आमच्याकडे, एक वर्धा जिल्ह्यात. त्यामुळे तालुक्याचं नाव ही की होऊ शकत नाही हे ज्ञान मला डीबीएमएसच्या पहिल्या लेक्चरच्या कितीतरी आधी झालेलं होतं. बरं, जिल्ह्याच्या नावावर तरी भरवसा ठेवावा, तर २०२३ साली आमच्या एका बाजूचं औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं, दुसऱ्या बाजूचं उस्मानाबाद धाराशिव झालं, आणि २०२४ मध्ये तिसऱ्या बाजूचं अहमदनगर अहिल्यानगर. ज्या कुणी जिल्ह्याचं नाव प्रायमरी की केलं असेल त्याच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळू या. :-)

तर २०१९ साली डिग्री हातात घेऊन पुण्यात पहिली नोकरी लागली. आठ माणसांची कंपनी. गिऱ्हाईक म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना. त्यांना ऊसतोड टोळ्यांच्या करारांचं सॉफ्टवेअर हवं होतं. कोणत्या मुकादमाने किती उचल घेतली, त्याच्याकडे किती कोयते, किती टन तोड झाली, किती फिटली, किती बाकी. बॉसने मीटिंगमध्ये इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "तू बीडचा ना? तुला हे डोमेन माहीत असेल."

माहीत होतं. माझे आई-दादा पंधरा वर्षं ऊस तोडायला गेले. दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रक-ट्रॅक्टर लागायचे आणि गाव रिकामं व्हायचं. आम्ही पोरं आजीजवळ. बॉसला एवढं सगळं सांगितलं नाही, "हो, थोडंफार" म्हणालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्याचा होतो, खाडा कोयत्याचा धरतात. मी बनवलेल्या पहिल्या टेबलमध्ये 'कोयता संख्या' हा कॉलम डेसिमल होता, कारण बारा पूर्णांक पाच कोयते अशी टोळी असू शकते. तेव्हा मला या मॉडेलिंगचा अभिमान वाटला होता, हे आज सांगायला लाज वाटते, पण होता.

टेबलची रचना मी सरळ त्यांच्या रजिस्टरवरून उचलली. अनुक्रमांक, कामगाराचे पूर्ण नाव, गाव, मुकादम, उचल. शेवटी एक 'जोडीदार' नावाचा कॉलम, रिकामा राहिला तरी चालेल असा. कारखान्याची मुख्य मागणी अशी की एकाच माणसाने दोन मुकादमांकडून उचल घेतली तर सिस्टीमने पकडलं पाहिजे. असं होतं, खोटं कशाला बोलू. तशी मुकादमही बरीच लबाडी करतात, पण मुकादमाला पकडणारं सॉफ्टवेअर कुणी मागितलं नव्हतं.

मग मी यूनिक कन्स्ट्रेन्ट लावला: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. चार कॉलम. आता एका गावात हे चारही सारखे असलेले दोघे कसे असतील?

असतात ना. आमच्या भागात भगवानगडाला मानणारी घरं इतकी की दर चार घरांमागे एक भगवान. आडनाव तर निम्म्या गावाचं एकच. बाप लोकांची नावंही त्याच पाच-सहा देवांवरून. त्या पहिल्याच दसऱ्याला एका गावातल्या दुसऱ्या भगवानचा करार सिस्टीमने अडवला. स्क्रीनवर लाल अक्षरात 'दुबार उचल'. हे शब्द माझे. कोडमध्ये एररचा मजकूर मीच लिहिला होता. त्या माणसाला तोंडावर लबाड म्हटलं गेलं, त्याची उचल थांबली, टोळीचा ट्रॅक्टर त्याच्याविना गेला. दोन आठवड्यांनी कुणीतरी दोघांना समोरासमोर उभं केलं तेव्हा कळलं की हे दोन वेगळे जीव आहेत. सपोर्टच्या मेलमध्ये हा किस्सा 'मायनर' म्हणून आला होता.

पुढे गंमत अशी झाली की ऑपरेटर पोरांनी तोडगा काढला. दुसरा भगवान आला की नावापुढे एक टिंब द्यायचं. तिसरा आला की दोन टिंबं. डेटाबेस खूश, ऑपरेटर खूश. आणि ज्याला खरोखर दोनदा उचल द्यायची होती त्यालाही टिंब! म्हणजे माझा कन्स्ट्रेन्ट निरपराध माणसाला अडवत होता आणि लबाडाला एका टिंबात सोडत होता. मराठी टंकलेखनाची आणखी वेगळी तऱ्हा. कुऱ्हाडे हे आडनाव दोन कीबोर्डवर दोन प्रकारे उमटतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना फरक शून्य, डेटाबेसला ते दोन वेगळे कुऱ्हाडे. दत्तात्रय आणि दत्तात्रेय हे तर सोडूनच द्या.

मग सगळ्यांनी सुचवलं, मोबाईल नंबर यूनिक कर. केला. अर्ध्या टोळीचा मोबाईल नंबर एकच निघाला, मुकादमाचा. मग म्हणाले आधार. तेव्हा मी आधार नंबरचा कॉलम यूनिक केला आणि ज्याने कागद आणला नाही त्याच्यासाठी तो रिकामा सोडायची सोय ठेवली. पहिला बिनआधारचा माणूस गेला, दुसऱ्याला 'डुप्लिकेट एंट्री'. कारण आमचा फॉर्म नल न पाठवता रिकामी स्ट्रिंग पाठवत होता. नल म्हणजे 'माहीत नाही', रिकामी स्ट्रिंग म्हणजे 'माहीत आहे आणि ती रिकामी आहे'. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या यूनिक कॉलममध्ये नल कितीही चालतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो. एवढी थिअरी मला परीक्षेत पाच मार्कांना आली होती. तेव्हा पाचपैकी पाच मिळाले होते. :-)

शेवटी कंटाळून सगळे कन्स्ट्रेन्ट काढले आणि आयडी ठेवला, ऑटो इन्क्रिमेंट. म्हणजे आमच्या नवीन पोराची आज जी जागा आहे तिथे मी येऊन पोहोचलो. कुणालाच अडवत नव्हता. हंगामाच्या शेवटी एक माणूस तीन आयडींनी तीन टोळ्यांत सापडला.

इंडेक्सची कहाणी थोडक्यात सांगतो. 'स्लो चालतंय' अशी तक्रार आली की मी एक इंडेक्स टाकायचो. असे अकरा झाले. दसऱ्याच्या आठवड्यात नोंदींची झुंबड उडाली तेव्हा प्रत्येक नवीन नोंदीमागे अकरा याद्या सुधारायला लागल्या आणि जी स्क्रीन 'स्लो' होती ती झोपलीच. नंतर बघितलं तर निम्मे इंडेक्स कुणी वापरतच नव्हतं. उरलेल्यांत कॉलमचा क्रम चुकलेला. मुकादम आधी आणि हंगाम नंतर असा इंडेक्स असेल तर 'या हंगामातले सगळे दाखव' याला त्याचा काडीचा उपयोग नाही. ज्या प्रश्नाचा इंडेक्स नाही तो प्रश्न विचारला की काय होतं ते बघायचं असेल तर २०२३ ची मराठवाड्यातली तहसील कार्यालयं आठवा. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली होती, मोडीतली, उर्दूतली. ती दप्तरं गाव आणि वर्ष यांप्रमाणे लावलेली, आणि शोधायचा होता 'कुणबी' हा एक शब्द. पान न् पान उलटत बसले लोक. फुल टेबल स्कॅन म्हणतात तो हाच.

त्याच सुमारास दादांना पीक विम्यासाठी सातबारा हवा होता म्हणून मी ऑनलाइन काढला (डिजिटल सहीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळतो, तलाठ्याच्या मागे फिरणं वाचतं). आमची कोरडवाहू दोन एकर. तो उतारा मी पहिल्यांदाच इंजिनियरच्या नजरेने वाचला आणि थक्क झालो. सातबारा म्हणजे मुळात दोन टेबलांचा जॉइन! गाव नमुना सात म्हणजे मालकी आणि बारा म्हणजे पिकं. गट नंबर एकटा यूनिक नाही, तो गावापुरता यूनिक, म्हणून शोधताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट, याच क्रमाने जावं लागतं. खाशी कॉम्पोझिट की. मालकाच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, तो थेट नमुना सहामधल्या नोंदीकडे बोट दाखवतो. फॉरेन की दुसरं काय करते? आणि एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र बघायची तर आठ अ. आयबीएमच्या एडगर कॉडने १९७० साली प्रायमरी की आणि फॉरेन की असे शब्द कागदावर मांडले, पण तलाठ्याचं दप्तर त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच वाटेने चालत होतं. गट फुटला तर पोटहिस्सा, १२/५ असा. (हा १२/५ एक्सेलमध्ये टाकला की १२ मे किंवा ५ डिसेंबर होतो. महसूल खात्यातल्या किती पोरांनी यावर डोकं आपटलं असेल!) आता तर यूएलपिन नावाचा देशभर यूनिक असा नंबरही जमिनीच्या तुकड्याला देतात.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा लॅपटॉप सोबत होता. पडवीत बसून नवीन फॉर्म तपासत होतो. टेस्टसाठी दादांचं नाव टाकलं होतं. आई निवडणं घेऊन शेजारी बसली.

"काय करायलास रं दिसभर त्या डब्ब्यात?"

दाखवलं. हे दादा, हे गाव, हा मुकादम, ही उचल. आईला वाचता येतं, सावकाश. तिने स्क्रीनवर बोट फिरवलं.

"ह्यात मी कुठंय?"

मी जोडीदाराचा कॉलम दाखवला. तिथे टेस्टमध्ये मी काहीच भरलं नव्हतं.

"आसंच व्हतं तिकडं बी," ती म्हणाली आणि हसली. मग तिने जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी सातवीत असतानाचा हंगाम. पहाटे फडात तिच्या पायावर कोयता बसला. टाके पडले. नऊ दिवस ती कोपीत पडून होती आणि दादा एकटेच तोडत होते, म्हणजे नऊ दिवस अर्धा कोयता, आणि उरलेल्या अर्ध्याचा खाडा. दवाखान्याचा खर्च मागायला दादा तिथल्या ऑफिसात गेले (कारखान्याचं नाव राहू द्या). कारकुनाने रजिस्टर उघडलं. कोयता नंबर सापडला. दादांचं नाव सापडलं. "लागलंय कुणाला? बायकोला? तिचं नाव कुठंय ह्यात?"

त्या कारकुनाला मी आयुष्यभर शिव्या घालू शकलो असतो. पण माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये 'अपघात' नावाचं टेबल होतं आणि त्यातली फॉरेन की कोयत्याच्या आयडीकडे जात होती. अपघात ११४७ नंबरच्या कोयत्याला झाला, एवढंच तिथे लिहिता येत होतं. कोणाला झाला, हे लिहायला जागाच नव्हती. तो कारकून खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेबलमध्ये आई खरंच नव्हती, आणि माझ्याही नव्हती.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांची बातमी गाजली होती. सरकारने समिती नेमली, ८२ हजारांहून जास्त बायकांना घरोघरी जाऊन विचारलं, आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा परवडत नाही हे त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं गेलं. ही बातमी मी हापिसातल्या कँटीनमध्ये वाचली होती. घरोघर का जावं लागलं, याचा विचार केला नव्हता.

पुण्याला परत आल्यावर टेबलं मोडली. व्यक्ती वेगळी, कोयता वेगळा. मधे एक जोडणारं टेबल, त्यात हंगाम, व्यक्ती आणि कोयता. यूनिक कन्स्ट्रेन्ट फक्त एक: हंगाम आणि व्यक्ती. एका हंगामात एक माणूस एकाच कोयत्यात. गिऱ्हाईकाला पहिल्या दिवसापासून नेमकं हेच हवं होतं आणि मी ते नावांवर शोधत बसलो होतो. दोन भगवान सुखाने राहू शकतात, एक भगवान दोन टोळ्यांत जाऊ शकत नाही. मग हा भगवान तोच की दुसरा, हे कसं ठरवायचं? ते डेटाबेसने ठरवायचंच नाही. नाव, गाव, जन्मवर्ष जवळपास जुळलं की स्क्रीन जुन्या नोंदी दाखवते आणि विचारते, यातलाच का? उत्तर समोर बसलेला माणूस देतो. 'दुबार उचल' हे शब्द काढून टाकले. अपघाताची फॉरेन की आता व्यक्तीकडे जाते.

कारखान्याच्या माणसाला हे फारसं आवडलं नाही. "हिशोब एकाच कोयत्याचा, मग नोंदी दोन कशाला? टायपिंग डबल." मी विम्याचं कारण पुढे केलं, बॉसने माझी बाजू घेतली (बॉसला अजून दिवाळीचा फराळ पाठवतो), आणि कसंबसं पास झालं. बाईचं नाव सक्तीचं केलं, नॉट नल.

पुढच्या हंगामात मी उत्साहाने क्वेरी मारली. बायकांच्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव होतं 'पत्नी'. त्याखालोखाल 'सौ.'. मग 'बायको'. मग नुसती रेघ. एका सेंटरवरच्या ऑपरेटरने मात्र प्रत्येकीचं नाव विचारून भरलं होतं, एकूण एक. नंतर कळलं की तिथे मुलगी होती ऑपरेटर म्हणून.

नवीन डेटाबेसची पहिली टेस्ट एंट्री आईच्या नावाने करायची असं मी ठरवलं होतं. फोन लावून विचारलं, "आई, तुझं नाव कसं टाकू?" ती गप्प झाली. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात ठेवलेलं दुसरं, रेशनकार्डावर दुसऱ्याचंच तिसरं स्पेलिंग. नंबर तरी एकसारखे कुठे असतात म्हणा. २०२५ मध्ये निवडणूक आयोगालाही सांगावं लागलं की वेगवेगळ्या राज्यांतल्या काही मतदारांना एकच ओळखपत्र क्रमांक गेलाय, कारण पूर्वी प्रत्येक राज्य आपापल्यापुरतं यूनिक बघत होतं. आईचं नाव तर एका घरातसुद्धा एक नव्हतं.

"माहेरचं टाकू का सासरचं?" मी परत विचारलं.

"दोन्ही टाक की," ती म्हणाली. "जागा न्हाई का तुझ्यात?"

जागा नव्हती. व्यक्तीला नाव एकच, असं मी पुन्हा गृहीत धरलं होतं. त्या रात्री अजून एक टेबल वाढलं, नावांचं. एका व्यक्तीला कितीही नावं.